आधी अंदाज, मग हात

'कृतीतून शिक्षण' हे शब्द आता प्रत्येक प्रशिक्षणात कानावर पडतात आणि ते पडायलाच हवेत. पण कृती झाली, मुले हसली, फोटो गटावर गेला, आणि आठवड्याने विचारले तर मुलांना फुगा फुटल्याचे तेवढे आठवत होते, असेही मी अनेक वर्गांत पाहिले आहे. सोलापूर जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी नोकरी झाली. चौथी-पाचवीचा परिसर अभ्यास आणि सहावी-सातवीचे सामान्य विज्ञान हे माझे विषय. मुलांचे विज्ञान खरोखर कशाने सुधारले, हे मी वर्षानुवर्षे बघत आले. त्यातले जे मला पक्के वाटते तेवढेच इथे लिहिते.

१. प्रयोगाआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत उतरला पाहिजे

माझ्या सगळ्या शिकवण्यातली ही एकच गोष्ट ठेवा असे कुणी म्हणाले, तर मी हीच ठेवीन.

तरंगणे-बुडणे हा साधा पाठ घ्या. पाण्याने भरलेली बादली, एक खिळा, स्टीलची रिकामी वाटी, बटाटा, सफरचंद, संत्रे. बाई एकेक वस्तू पाण्यात सोडतात आणि मुले "तरंगलं!", "बुडालं!" असे ओरडतात. तास छान होतो आणि त्यातून फारसे काही उरत नाही. आता हाच तास दुसऱ्या रीतीने घ्या. कोणतीही वस्तू पाण्यात जाण्याआधी प्रत्येक मुलाने वहीत लिहायचे: तरंगेल की बुडेल, आणि का. पेनाने लिहायचे. नंतर खोडायचे नाही. अंदाज चुकला म्हणून कुणाला काही म्हणायचे नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते आणि वर्षभर पाळते.

संत्रे तरंगते. मग मी विचारते, साल काढली तर? जवळजवळ सगळा वर्ग लिहितो की आणखी चांगले तरंगेल, कारण हलके होईल. सोललेले संत्रे सोडले की ते तळाला जाते. त्या क्षणी वर्गात जो कल्लोळ होतो तो अंदाज न लिहिता कधीच होत नाही. कारण आता तो प्रश्न पुस्तकाचा राहिलेला नसतो. "मी लिहिलं होतं ते खोटं कसं ठरलं?" असा तो ज्याचा त्याचा प्रश्न होतो. एका वर्षी सालीचा तुकडा दाबून, निरखून, पाण्यात बुडवून बघत एक मुलगा म्हणाला, "बाई, विहिरीत पोहायला शिकताना पाठीला कॅन बांधतात ना, तशी ही साल आहे. हिच्यात हवा आहे." सालीतल्या बारीक पोकळ्यांतली हवा हेच त्याचे उत्तर आहे, आणि ते त्याने आमच्या गावच्या विहिरीवरून आणले.

अंदाज लिहिला नाही की निकाल दिसताच सगळे म्हणतात, "मला माहीतच होतं." तेही प्रामाणिकपणेच म्हणतात. मन आधीचा विचार फार लवकर पुसून टाकते. वहीतली निळी ओळ तो पुसू देत नाही.

२. साहित्य प्रत्येकाच्या हातात, टेबलावर नव्हे

१.५ व्होल्टचा एक सेल, बॅटरीचा एक बारका बल्ब आणि दोन्ही टोके सोललेली वीतभर वायर. यात बल्ब पेटवून दाखवा, एवढेच सांगायचे. होल्डर द्यायचा नाही, आकृती दाखवायची नाही.

बहुतेक मुले आधी बल्बचे टोक सेलच्या वरच्या गुंडीवर टेकवतात आणि वाट बघतात. पेटत नाही. मग वायरचे एक टोक सेलला आणि दुसरे बल्बला लावतात. त्यांच्या मनातली वीज नळाच्या पाण्यासारखी एका बाजूने येऊन बल्बमध्ये संपणारी असते. काही जण वायरची दोन्ही टोके सेलच्या दोन बाजूंना लावून बसतात आणि "बाई, तार तापली की!" म्हणून ओरडतात. (त्यांना लगेच तार सोडायला सांगावे. पण ती का तापली, हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा, पुढे फार उपयोगी पडतो.) मग कुणाच्या तरी हातून बल्बचे खालचे टोक सेलला आणि वायर बल्बच्या पत्र्याच्या अंगाला लागते आणि उजेड पडतो. त्यानंतर मी बल्ब भिंगाखाली द्यायला सुरुवात करते. आतल्या तारेचे एक टोक तळाला गेले आहे आणि दुसरे बाजूच्या पत्र्याला, हे मुले स्वतः शोधतात. म्हणजे विजेला आत जायला एक दार आणि बाहेर पडायला दुसरे. 'बंद परिपथ' हा शब्द यानंतर सांगावा, तो मग मुले विसरत नाहीत.

हा प्रयोग टेबलावर एकच संच ठेवून करता येत नाही. चार जणांच्या गटातही तो बिघडतो. एकाच्या हातात साहित्य, दुसरा सल्ले देतो, तिसरा बघतो आणि चौथीला "तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे" म्हणून बाजूला बसवतात. ती चौथी बहुतेक वेळा मुलगी असते. म्हणून जिथे जमेल तिथे एकेकट्याला किंवा जोडीत साहित्य द्यावे, आणि गट करायचाच असेल तर लिहिण्याचे काम दर वेळी दुसऱ्याकडे जावे. मी तर नियमच केला की लिहिणाऱ्याने आधी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहायचे.

बारके बल्ब आता तालुक्याच्या दुकानातही सहज मिळत नाहीत, सगळ्या टॉर्चमध्ये एलईडी आले. एलईडी स्वस्त आहे आणि चालतो, पण त्याला दोन सेल लागतात आणि उलटा लावला तर तो पेटतच नाही. पाचवीला या पाठासाठी मी जुना बल्बच शोधून आणते. एलईडी सातवीला देते, कारण तिथे उलट-सुलट हाच प्रश्न रंगतो.

खर्चाची चिंता करणाऱ्यांनी अरविंद गुप्तांची पुस्तके बघावीत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुण्यातल्या वाहन कारखान्यातून रजा घेऊन हा इंजिनिअर मध्य प्रदेशात होशंगाबादला गेला आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीचे आकार उभे करायला शिकवू लागला. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके मोफत आहेत. त्यातली खेळणी मी दरवर्षी करते.

३. गावाला ज्याची काळजी आहे ते मोजायला शिकवा

आमच्याकडे पाऊस हा गप्पांचा नव्हे, जगण्याचा विषय आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की 'अतिवृष्टी', आणि ती आपल्या महसूल मंडळात नोंदली गेली की नुकसानीचा पंचनामा. हे आकडे मुलांच्या घरात रोज बोलले जातात. पण मिलिमीटर पाऊस म्हणजे नेमके काय, हे ना मुलांना ठाऊक असते ना त्यांच्या वडिलांना. पाऊस लांबीच्या मापात कसा काय मोजतात, हा प्रश्नच कुणी विचारलेला नसतो.

मी जूनच्या पहिल्या पावसात मैदानात चार भांडी ठेवते. उभ्या सरळ काठांचा एक लहान डबा, तसाच सरळ काठांचा एक मोठा पिंप, वर रुंद होत जाणारी बादली आणि तोंड अरुंद असलेला हंडा. अंदाज वहीत. पिंप मोठा म्हणून त्यात पाणी सर्वांत जास्त उंच चढेल, असे बहुतेक जण लिहितात. पाऊस थांबल्यावर पट्टी लावली की डब्यात आणि पिंपात पाण्याची उंची सारखीच भरते. बादलीत ती जास्त येते, हंड्यात कमी. आता वाद सुरू. पिंपाने जास्त पाणी गोळा केले हे खरे, पण तेवढेच ते जास्त जागेत पसरले. बादलीने रुंद तोंडाने घेतले आणि अरुंद तळात भरले. हे मुलांकडून यायला कधी एक तास लागतो, कधी तीन दिवस. मी घाई करत नाही. इथे घाई केली तर सगळाच खेळ वाया जातो.

मग पर्जन्यमापक करायचा. प्लॅस्टिकची सरळ अंगाची बाटली वरून कापायची आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडावर बसवायचा. तळाचा खाचखळग्यांचा भाग खड्यांनी भरायचा आणि सरळ अंग सुरू होते तिथपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची खूण करायची. नरसाळ्याचे तोंड आणि बाटलीचे अंग सारख्याच रुंदीचे हवे, नाहीतर मिलिमीटर खोटे येतात. हे का, ते आता मुले मला समजावून सांगतात, कारण बादली त्यांनी पाहिलेली असते. शाळेजवळ राहणारी मुले रोज सकाळी साडेआठला वाचन घेतात. हवामान खातेही त्याच वेळी घेते. वाचन भिंतीवरच्या तक्त्यात जाते.

पुढे गणित आपोआप येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या दोन खोल्यांचे छत साधारण १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. १० मिलिमीटर पावसात त्यावरून ६०० लिटर पाणी वाहते. १५ लिटरचे ४० हंडे! उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत आईबरोबर उभ्या राहिलेल्या मुलीला हा आकडा सांगावा लागत नाही, ती तो स्वतः काढते आणि मग स्वतःच विचारते, "मग बाई, हे पाणी जातं कुठं?" एका वर्षी छताच्या पन्हाळीला पाइप लावण्याचा ठराव मुलांनी केला आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलांनीच तो मांडला.

एकदा आमच्या बाटलीत ७० च्या वर वाचन आले आणि मंडळाची नोंद त्याहून पुष्कळ कमी आली. मोठी माणसे चिडली. मुलांनी मात्र शेजारच्या दोन गावांतल्या नातेवाइकांना फोन करून विचारले आणि नकाशावर मांडले. आमच्या शिवारात धो-धो, पलीकडच्या गावात भुरभुर. एका मंडळात बरीच गावे आणि यंत्र एका जागी, म्हणजे त्या यंत्राला आमचा ढग दिसलाच नसेल. सातवीच्या मुलांनी हा विचार केला याचा मला आजही अभिमान आहे. पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही हे वाक्य त्यांच्या पुस्तकात आहेच, पण त्या दिवशी त्याच्या मागे त्यांचा स्वतःचा पुरावा उभा होता.

४. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि नाव सर्वांत शेवटी

बाष्पीभवन हा पाठ मी शब्दाने सुरू करत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गावात घरोघर कुरडया, सांडगे, पापड वाळत असतात. मुलांना विचारते की आई वाळवण कुठे घालते, का पसरते, ढग आले तर का कुरकुरते. मुलांना सगळे माहीत असते: ऊन हवे, वारा हवा, विरळ घालायला हवे. मग मी म्हणते, यातले खरे काम कोण करते ते सिद्ध करा.

पहिल्या वेळी मुले एक ओला रुमाल उन्हात पसरून टाकतात आणि दुसरा सावलीत घडी करून ठेवतात. उन्हातला लवकर वाळतो. "बघा, ऊन!" मी काही बोलत नाही, वर्गातलेच कुणीतरी बोलते, "अरे, पण तो पसरला पण होता की." एवढ्यावर तासाचे चीज होते. मग दोन्ही रुमाल पसरलेले, एक उन्हात, एक सावलीत. मग दोन्ही सावलीत, एक पसरलेला, एक घडीचा. मग वाऱ्याचा. 'एकच गोष्ट बदलायची' हा आमच्या वर्गाचा कायदा होऊन बसतो आणि मुले तो कुठेही लावतात. क्रिकेटमध्ये नव्या बॅटने जास्त धावा झाल्या म्हणणाऱ्याला दुसरा विचारतो, "बॉलर तोच होता का?"

हे सगळे झाल्यावर फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहायचे. आधी शब्द आणि मग अनुभव, असे केले की मुले शब्द धरून बसतात आणि विचार करायचे सोडून देतात.

५. छापील स्पष्टीकरणसुद्धा तपासू द्या

ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला उपडा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. अनेक जुन्या-नव्या प्रयोगपुस्तकांत याचे उत्तर ठरलेले आहे की ऑक्सिजन संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. कितीतरी शिक्षक हेच सांगतात आणि पाणी पाचव्या हिश्शाएवढे चढले म्हणून आनंदतात.

मुलांना नुसते नीट बघायला लावले तर त्यांच्या नजरेला एक गोष्ट खुपते. ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही, ज्योत विझल्यावर ते भराभर वर येते. ऑक्सिजन जळताना संपत असेल तर पाणी आधी चढायला हवे होते! आणखी निरखले तर सुरुवातीला पेल्याच्या काठातून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. मग आम्ही त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवतो. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. पाणी मात्र जास्त चढते. म्हणजे मुख्य काम उष्णतेचे आहे. हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते, उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत लोटतो. जळताना ऑक्सिजन वापरला जातो हे खरेच, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफही तयार होते.

पडताळा म्हणून मेणबत्ती पूर्ण वगळून बघतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी घालून, हलवून ओतून टाकायचे आणि लगेच झाकण घट्ट लावायचे. थोड्या वेळात बाटली कुरकुरत आत चेपते. ज्योत नाही, ज्वलन नाही, तरी आत ओढ आहे.

छापलेले चुकीचे असू शकते, असे मुलांना सांगितले तर त्यांचा पुस्तकावरचा विश्वास उडेल, अशी भीती काही सहकारी बोलून दाखवतात. माझा अनुभव उलटा आहे. ही मुले पुस्तक अधिक लक्ष देऊन वाचू लागतात, प्रत्येक 'कारण'पाशी थांबतात.

६. वाचनात मागे असलेले मूल निरीक्षणात पुढे असू शकते

काठी जमिनीत रोवायची, गवंड्याच्या ओळंब्याने ती अगदी उभी आहे ना ते बघायचे, आणि पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सावली सर्वांत आखूड कधी? सगळे लिहितात, बाराला. फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्याकडे ती येते बाराचाळीसच्या सुमाराला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हाच प्रयोग केला तर बारा-दहाच्या आसपास.

भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. सोलापूर साधारण ७६ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून आमचा मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी सव्वीस-सत्तावीस मिनिटांनी येतो. उरलेला फरक पृथ्वीच्या कक्षेचा आकार आणि तिच्या आसाचा कल यांमुळे वर्षभर कमी-जास्त होत राहतो. सहावीच्या मुलांना मी पहिला भाग हिशेबाने करायला देते आणि दुसरा नुसता सांगून ठेवते.

या पाठात एका वर्षी मेंढरांमागे जाणाऱ्या घरातला मुलगा होता. अर्धे वर्ष कळपाबरोबर बाहेर, त्यामुळे वाचन अडखळत. काठी रोवली तेव्हा त्याने विचारले, "आता कशाला बघताय? वैशाखात बघा, सावली पायाखाली येती." मुलांना ते पटेना. तो शांतपणे म्हणाला, "मेंढरं उन्हात एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालत्यात, तवा दिसतं." तो बोलत होता ते शून्य सावलीच्या दिवसाबद्दल. आमच्या अक्षांशावर सूर्य मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये ढग, म्हणून वर्गातल्या कुणी तो पाहिला नव्हता. त्याने पाहिला होता. त्या वर्षी सावलीच्या पाठाला फळ्यापाशी तो उभा राहिला आणि त्याचे म्हणणे दुसऱ्यांनी लिहून घेतले. त्यानंतर स्वतःचे वाक्य वहीत कसे दिसते ते बघायला तो वाचनाकडे वळला. मुलांची पातळी ठरवताना आपण केवळ वाचन मोजत असू, तर अशा किती मुलांना आपण मागच्या बाकावर बसवून ठेवले असेल?

७. सुरक्षिततेचे नियम थोडे आणि कडक

घरातल्या प्लगला प्रयोगासाठी हात नाही. ब्लेड आणि ज्योत बाईंसमोरच. कोणताही पदार्थ चाखून ओळखायचा नाही. घड्याळातले चपटे बारके सेल लहान भावंडांच्या हाती लागू द्यायचे नाहीत, ते गिळले गेले तर जिवावर बेततात. बाकी सांडलवंड, मोडतोड, ओले कपडे यांवर मी कधी रागावत नाही.

८. परीक्षेत हाताला जागा मिळाली तरच वर्गात मिळते

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला, १९७८ मध्ये सगळ्या जिल्ह्यात पसरला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. साध्या सरकारी शाळांतली मुले तिथे तीस वर्षे स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकली. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांची परीक्षा. मुलांना पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवायची मुभा होती आणि प्रत्यक्ष करून दाखवायचा भागही होता. प्रश्नच असा असायचा की पुस्तक उघडून आयते उत्तर सापडू नये.

आपल्याकडे आकारिक मूल्यमापनात 'प्रात्यक्षिक, प्रयोग' हे साधन आधीपासून आहे. ते खऱ्या अर्थाने वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. सत्राच्या शेवटी मी प्रत्येकाला तीन पुड्या देते: मीठ, साखर, खाण्याचा सोडा. न चाखता ओळखा आणि कशावरून ते लिहा. हळदीचा कागद, लिंबू, पाणी, भिंग, जे हवे ते मागा. चुन्याने हळद कुंकवासारखी लाल होते हे घरातून ठाऊक असलेली मुले हळदीचा कागद आधी मागतात. सोड्याने तो तांबूस होतो, लिंबाने सोडा फसफसतो. मीठ आणि साखर वेगळे करणे अवघड. कुणी भिंगाखाली दाण्यांचे आकार बघते. एका मुलीने चिमूट-चिमूट मुंग्यांच्या वाटेवर ठेवली आणि शांतपणे बसून राहिली. तिला मी पूर्ण गुण दिले, कारण तिची रीत, तिचा पुरावा आणि तिचे लिखाण तिन्ही चोख होते.

गुण वाढतात का, असे पालक विचारतात आणि विचारण्याचा त्यांना हक्क आहे. व्याख्या लिहा, रिकाम्या जागा भरा, यांतले गुण लगेच वाढत नाहीत, त्यांना वेगळी उजळणी द्यावीच लागते आणि मी देते. वाढतात ते 'कारण लिहा', 'काय होईल ते सांगा', आकृती आणि तक्ता वाचणे यांतले. सगळ्यांत आधी जाणवणारा बदल असा की उत्तरपत्रिकेत कोरी सोडलेली जागा कमी होते. अंदाज लिहायची सवय लागलेले मूल माहीत नसलेल्या प्रश्नापुढेही पेन खाली ठेवत नाही, ते विचार करून काहीतरी मांडते. वार्षिक परीक्षेपासून शिष्यवृत्तीच्या सरावापर्यंत मी हे दर वर्षी बघते.

९. कमी प्रयोग, पुन्हा पुन्हा

पुस्तकातली प्रत्येक कृती करायला तासिका पुरत नाहीत. मी सत्राला थोडेच प्रयोग निवडते आणि त्यांना दोन सलग तासिका देते. शनिवारची सकाळची शाळा यासाठी उत्तम, 'आनंददायी शनिवार' हाताशी आहेच. मोड आणण्यासारखा प्रयोग तर वर्षातून तीनदा करावा. भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात, कोरडी मटकी वाटीत, आणि तिसरी पाण्यात पूर्ण बुडवून. तिसरीला कधीकधी बारीक मोड दिसतो आणि मग ती कुजते. पुस्तकात हे असे स्पष्ट नसते. थंडीत मोडाला वेळ लागतो, एप्रिलमध्ये तो एका रात्रीत येतो, आणि मग ऊब हा प्रश्न आपणहून पुढे येतो. तोच प्रयोग तिसऱ्यांदा करताना मुले बघतात ते पहिल्यांदा दिसतच नाही.

१०. शिक्षकांच्या हातातही सेल आणि बल्ब द्या

केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकदा मला कृतियुक्त विज्ञानावर बोलायला सांगितले होते. मी भाषणाऐवजी प्रत्येकाला एक सेल, एक बल्ब आणि एक वायर दिली आणि आधी आकृती काढायला लावली. पदवीधर, अनुभवी, उत्तम शिकवणारी मंडळी. बऱ्याच आकृत्या पाचवीच्या मुलांसारख्याच निघाल्या आणि पहिला बल्ब पेटायला बराच वेळ गेला. पण तो पेटल्यावर जे बोलणे सुरू झाले ते चहाच्या सुट्टीतही थांबले नाही. तार का तापते, मेणबत्तीचे पाणी का चढते, आपल्या गावात मध्यान्ह किती वाजता होतो, असे प्रश्न लोक एकमेकांना विचारत होते. पुढच्या महिन्यात त्यांतल्या काही शाळांच्या भिंतींवर पावसाचे तक्ते लागले.

केंद्रप्रमुखांना माझे कळकळीचे सांगणे आहे. येत्या शिक्षण परिषदेत विज्ञानासाठी जो वेळ ठेवला असेल, त्यातला पहिला अर्धा तास शिक्षकांना प्रयोग करू द्या. त्यांचे अंदाज आधी लिहून घ्या, पेनाने. साहित्य मी देते. शंभर शिक्षकांना पुरतील एवढे बल्ब माझ्याकडे जमले आहेत.